काही लावता का?

टेबलावर तेरा रजिस्टरं होती. २००६ ते २०१८, दर वर्षाचं एक. त्यांतली तीन पाण्याने फुगलेली, एकाची पाठ निघालेली. शिवाय दोन पेन्सिली, पाण्याचा जग, चार कप आणि एक खोडरबर. खोडरबर माया ओव्हाळच्या हातात होता आणि सकाळी साडेआठपासून झिजत होता.

"मावशी, हे काय चाललंय?" डॉक्टर जिज्ञासाने दारातूनच विचारलं.

"साफ करतेय, मॅडम. फाउंडेशनचे साहेब येणार ना अकराला? पेन्सिलीची ही गिचमिड बघितली तर आधी तुमची शोभा, मग माझी. मागे ह्याच्यावरून मेमो मिळालाय मला."

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्या धर्मादाय रुग्णालयात माया अठ्ठावीस वर्षं मुखरोग विभागाचे केसपेपर काढत होती. खिडकीपलीकडून सिंधी येवो, हिंदी येवो की मराठी, अलीकडे नाव, वय, गाव आणि 'तंबाखू : हो / नाही' एवढंच रकान्यांत बसवायचं. कॉम्प्युटर आला तेव्हा ऑपरेटरने रकाने टाइप करून घेतले आणि रजिस्टरं रद्दीत काढली. मायाने ती रिक्षात घालून बदलापूरला, मांजर्लीतल्या घरी नेली. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. पुढच्याच पावसाळ्यात, २०१९च्या पुरात, खालच्या फळीवरची तीन भिजली. तिने ती गच्चीवर वाळवली आणि पुन्हा बांधून ठेवली.

जिज्ञासाचा अर्ज त्या टाइप केलेल्या आकड्यांवर उभा होता. बारवी-वांगणीकडच्या पाड्यांवरच्या बायकांच्या लाळेची साधी चाचणी करून तोंडाचा कॅन्सर वेळेआधी ओळखता येतो का, हे तिला तपासायचं होतं. फाउंडेशनने अर्ज परत पाठवला. 'तुमच्याच नोंदींप्रमाणे बायकांत तंबाखू फक्त सात टक्के. मग हाच गट का?' आज त्यांचा माणूस मूळ नोंदी बघायला येणार होता, म्हणून मायाने रजिस्टरं घरून परत आणली होती. तो नाही म्हणाला की विषय संपला.

"पण खोडताय काय?"

"हे 'मि' 'मि' लिहिलंय ना, ते. पहिलं रजिस्टर झालं. आता दुसरं घेणार होते."

"मि म्हणजे?"

"मिश्री."

जिज्ञासाने पुढे होऊन खोडरबर काढून घेतला आणि मगच खुर्चीवर बसली. "मावशी, सगळं सांगा. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे तुळशीपासून. बारवीकडची, चाळिशीची बाई. गालात आतून जखम. मायाने विचारलं, तंबाखू खाता? "नाय बाय, तसला काय नाय खात." मायाने 'नाही' लिहिलं. पेपर घेऊन तुळशी बाकावर बसली, कमरेची डबी काढली आणि भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटाने हिरड्यांवर घासू लागली. "अगं, हे काय मग?" "ही मिशरी! ही काय खायाची आसते? लावायाची." त्या दिवसापासून माया बायकांना एक प्रश्न जास्त विचारू लागली. छापील रकान्यात त्याला जागा नव्हती, म्हणून समासात पेन्सिलीने 'मि'. तुळशी पुढे तीन वेळा आली. चौथ्या वेळी तिचा नवराच आला, केसपेपर परत द्यायला.

अकराला जयदेव सर आले. साठीचे, शांत, चहात साखर नको म्हणणारे. जिज्ञासाने २०१४चं रजिस्टर मोजून ठेवलं होतं. बायका ४१८. तंबाखू 'हो', २९. समासात 'मि', २३१.

"हे गेल्या आठवड्यात लिहिलेलं नाही कशावरून?" त्यांनी विचारलं.

मायाचा चेहरा उतरला. मग तिने फुगलेलं एक रजिस्टर पुढे सरकवलं. पानभर पुराचा गाळ वाळून बसला होता. जयदेव सरांनी भिंग लावलं. एका 'मि'ची वेलांटी गाळाच्या डागाखालून जाऊन पलीकडे निघत होती. त्यांनी दुसरा पाहिला. मग पाच पानं.

"म्हणजे पुराच्या आधीचं. ठीक. पण एवढ्या बायका खोटं का बोलतील?"

"खोटं कुठे, साहेब?" माया पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "खरंच बोलतात त्या. आपला प्रश्न चुकतोय."

"चला, विचारून बघू."

खिडकीशी वांगणीकडची भीमाआजी उभी होती. जयदेव सर वाकून म्हणाले, "आजी, तंबाखू खाता का?"

"छ्या! आपल्या घरान कोन खात नाय."

मायाने विचारलं, "आजी, काही लावता का?"

"मिशरी व्हय? ती लावतंय की. सकालची दोनदा झाली. तुला व्हवी काय?" आजीने डबी पुढे केली. रांगेतल्या बायका हसल्या. जयदेव सरही हसले, पण खिशातली वही काढत.

"तर एकूण तेरा रजिस्टरं," ते लिहिता लिहिता म्हणाले.

माया म्हणाली, "बारा लिहा, साहेब. पहिलं मी सकाळी खोडलं. ते धरू नका."

जयदेव सरांनी तिच्याकडे पाहिलं, तेरावर काट मारली आणि बारा लिहिलं. पहिल्या रजिस्टरात तुळशीचं नाव होतं. रकान्यात 'नाही' होतं. समास कोरा होता.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. जिज्ञासा ते हातात घेऊन जिन्यावरून धावत खाली आली आणि केसपेपरच्या खिडकीतून आत डोकं घालून ओरडली, "मावशी, मंजूर!" रांगेतल्या कुणालाच काही कळलं नाही, तरी त्यांतल्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. पत्राखाली एक अट होती. प्रश्नावलीत पाचवा प्रश्न श्रीमती ओव्हाळ यांच्या शब्दांत असावा आणि विचारणाऱ्यांना त्यांनीच शिकवावं. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या मायाने ते तीनदा वाचलं. "श्रीमती, म्हणे!" ती म्हणाली, आणि पत्राची झेरॉक्स काढायला स्वतः गेली.

पहिलं शिबिर बारवीजवळच्या पाड्यावर झालं. छापील तक्ता, निळं पेन. मायाने पेन्सिल आणली नव्हती.

आलेल्या बायका : ५२.
प्रश्न चौथा, तंबाखू खाता का? हो : ४.
प्रश्न पाचवा, काही लावता का? हो : ३७.