राणीची शिल्लक

बोरीच्या रामहरींना दोन मुली. थोरली मंजुषा शाळेत पहिली यायची. धाकटी राणी बारावी सायन्सला नापास झाली, तेव्हा रामहरींनी मंजुषाला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "मंजे, ह्या पोरीचं तुलाच बगावं लागंल." ते बोलणं मंजुषाला मनातून फार आवडलं होतं. पुढं ती डी.फार्म. झाली, जिंतूरला बन्सीधरशेठच्या मेडिकलवर लागली, विनाअनुदानित शाळेत शिकवणाऱ्या पंडितशी तिचं लग्न झालं. भिंतीवरच्या परवान्यावर तिचं नाव होतं आणि दुकानाच्या पाटीवर शेठच्या वडिलांचं. सणाला माहेरी जाताना ती राणीसाठी ड्रेसचं कापड न्यायची. राणी घरी बसून चित्रं काढायची, आणि मंजुषाला तिची काळजी करायला बरं वाटायचं.

मग राणीला काम मिळालं. परदेशातली कुठलीशी कंपनी मोबाईलवरचे गेम बनवायची. त्यातली झाडं, वाडे, डोंगर राणी बोरीत बसून टॅबवर काढून द्यायची. पगार मिळायचा डिजिटल डॉलरमध्ये. घरात कुणालाच ते नीट कळलं नाही. राणी महिन्याला पाच हजार मायच्या हातावर ठेवायची, तेवढ्यावरून सगळ्यांनी अंदाज बांधला.

"ताई," एकदा तिचा फोन आला, "कंपनीवाले म्हणायलेत, पैसे मोबाईलमदी ठिवू नको, त्याचं एक यंत्र येतं त्यात ठिव. तू घेतलं व्हतंस ना तसलं?"

घेतलं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी बिटकॉइन होतं त्या वर्षी मंजुषानं पंडितला न सांगता साठवलेले साठ हजार त्यात घातले होते आणि पेनड्राइव्हएवढं ते यंत्रही मागवलं होतं. भाव कोसळला, बावीस हजारांवर ती बाहेर पडली. तेव्हापासून यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं.

"नवं कशाला घेतीस? धा हजाराला हाय. माझं घिऊन जा. चार हजार दे मला."

असलं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. ते शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे. यंत्र हरवलं, जळालं, तरी तेवढ्या शब्दांवर सगळं दुसरीकडे उघडता येतं. मंजुषानं ते शब्द कार्डावर उतरवले होते आणि हरवायला नकोत म्हणून घरच्या डायरीतही लिहिले होते. राणीला तिनं यंत्र दिलं, कार्ड दिलं. "पिन तेवढा बदल, झालं," म्हणाली. आधी यंत्र पुसून नवे शब्द काढायला हवे होते, हे त्या वेळी तिच्या खरंच ध्यानात आलं नाही. राणीनं विचारलं नाही. ताईचंच तर यंत्र होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी मंजुषा खोक्यातली सिरपं मांडत होती आणि मोबाईल वाजला. त्या यंत्राचं जुनं अॅप तिनं कधी काढूनच टाकलं नव्हतं. 'रक्कम जमा झाली.' तिला वाटलं काहीतरी चूक आहे. उघडून बघितलं. रुपयात केलं तर ऐंशी हजारांच्या वर. ती स्टुलावर बसली. तिचा महिन्याचा पगार चौदा हजार होता.

हे पैसे राणीचे आहेत हे समजायला फार वेळ लागला नाही. शब्द तेच, म्हणून खातं तेच. लगेच फोन करून सांगायला हवं होतं. तिनं मोबाईल हातात घेतलासुद्धा. मग मनात आलं, दर महिन्याला एवढेच येतात का, तेवढं बघू आणि सांगू.

दर महिन्याला तेवढेच यायचे. एप्रिलपासून जास्त यायला लागले.

मंजुषाला त्या अॅपची सवय लागली. सकाळी शटर उघडलं की ती आधी ते बघायची, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बघायची. पंडितनं भाजीला तेल जास्त झालं म्हटलं की ती मनात आकडा आठवायची आणि चिडायची, पंडितवर नाही, राणीवर. बारावी नापास! झाडं काढते! आपण औषधांची नावं पाठ करून डोळे फोडून घेतले आणि शेठ दिवाळीला मिठाईचा पाव किलोचा डबा देतो. मायला पाच हजार देते म्हणून माय शेजारणींना सांगत फिरते. मायला काय माहीत, किती दडवून ठेवलेत ते? असं मनात आलं की तिला एक विचित्र समाधान वाटायचं. घरात फक्त तिलाच खरं माहीत होतं.

जूनमध्ये सगळे पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले. दर्शन झाल्यावर मंडपात बसून डबे उघडले, तेव्हा राणीनं पर्समधून डबी काढली. आत सोन्याची मोहनमाळ. तिनं ती मायच्या गळ्यात घातली. माय तर रडायलाच लागली. रामहरी दोनदा म्हणाले, "आगं, कुठून आणलीस एवढी?"

मंजुषाला ठाऊक होतं. मंगळवारी खात्यातून पैसे गेले होते. किती गेले, मागं किती उरले, सगळं ठाऊक होतं. राणीनं तिलाही साडी दिली, मोरपंखी रंगाची, चांगली होती. मंजुषानं पदर हातात धरला आणि मनात भागाकार केला. जेवढं उरलं होतं त्यापुढं ही साडी काहीच नव्हती.

"आवडली का ताई?"

"हाव, चांगली हाय."

परत येताना गाडीत राणी तिच्याशेजारी बसली. सहज बोलल्यासारखी म्हणाली, "माझ्यासंगं काम करणारी एक पोरगी हाय, लय डोकं खायली माझं. जुनं यंत्र कुणाकडून घिऊ नाही म्हणं. आधीच्या माणसाकडं शब्द राहतेत, कवाबी पैसे उचलतेत म्हणं."

मंजुषानं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. "मग? तू काय म्हणलीस?"

"मी म्हणलं, बाई, माझ्या ताईचं हाय ते."

सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. पण सांगितलं की राणी नवे शब्द काढणार, आणि उद्या सकाळी शटर उघडल्यावर बघायला काही राहणार नाही. मंजुषा खिडकीबाहेर बघत राहिली. "तिला म्हणावं, काम कर तुझं," एवढंच बोलली.

ऑगस्टमध्ये राणी जिंतूरला आली आणि काउंटरवर कोपर टेकवून, अगदी खुशीत म्हणाली, "ताई, समोरचा गाळा बगायलेय मी. तिथं चार पोरी घिऊन काम सुरू करावं म्हणते. तुझ्यासमोरच हाय, दुपारचं जेवण संगंच करू."

तो गाळा. दोन वर्षांपूर्वी मंजुषा पंडितला घेऊन त्याच गाळ्याच्या मालकाकडं गेली होती. स्वतःचं मेडिकल टाकायचं होतं तिला. अनामत ऐकून दोघं चहाही न घेता उठले होते. हे तिनं माहेरी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळं राणीला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मंजुषाला तरी वाटलं, मुद्दाम हाच बघितला.

दुसऱ्या दिवशी तिनं डायरी पिशवीत घालून आणली. दुपारी शेठ जेवायला गेला. जुन्या अॅपमधून यंत्राशिवाय पैसे हलवता येत नव्हते, म्हणून कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून तिनं मोबाईलवर डिजिटल पैशांचं एक वॉलेट उतरवून घेतलं आणि एकेक शब्द टाकायला सुरुवात केली. चोवीसावा शब्द टाकला तशी राणीची सगळी शिल्लक तिच्या मोबाईलवर उघडली. आता नुसतं बघायचं नव्हतं. खाली बटण होतं, पाठवा. बिटकॉइन जिथं विकले होते तिथल्या आपल्या खात्याचा पत्ता तिनं वर चिकटवला. रक्कम टाकली. सगळी नाही, गाळ्याच्या अनामतीएवढी.

"बाई, ह्यातली सकाळची कंची?"

समोर एक म्हातारी उभी होती, हातात गोळ्यांच्या तीन पट्ट्या. मंजुषानं मोबाईल उपडा ठेवला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. मंजुषानं पेन घेऊन पट्ट्यांवर रेघा मारून दिल्या, सकाळची एक रेघ, रात्रीच्या दोन. म्हातारीनं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. म्हातारी गेली आणि मोबाईल उचलला तर पडदा बंद झालेला. उघडायला अंगठा लावायचा होता. अंगठा ओला होता, लागेना. ती अंगठा पुसत बसली आणि पुसता पुसता आपण काय करायला निघालोय ते तिला दिसलं. तिनं ते वॉलेट मोबाईलवरून काढून टाकलं. जुनं अॅप मात्र राहू दिलं.

पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, तिनं शटर वर केलं आणि मोबाईल बघितला. शून्य.

तिनं अॅप बंद करून पुन्हा उघडलं. शून्यच. रविवारी संध्याकाळी सगळी रक्कम कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर गेली होती. ग्रुपवरची लिंक! कुणाची, कुठली, तिनं बघितलंही नव्हतं. ते वॉलेटच चोरांचं असणार, आणि तिनं आपल्या हातानं चोवीसच्या चोवीस शब्द त्यांना टाकून दिले. फेब्रुवारीपासूनची राणीची कमाई. ती खिडकीत बसून, मान मोडून काढलेली झाडं.

शटर खाली ओढून ती स्टँडकडं पळाली. काळीपिवळीत बसून बोरीला पोचेपर्यंत शेठचे चार फोन येऊन गेले. तिनं उचलले नाहीत.

राणी ओट्यावर टॅब मांडीवर घेऊन बसली होती. "ताई? आज सुट्टी का काय?"

"राणी, तुझे पैसे गेले."

"कुठले पैसे?"

"यंत्रातले. समदे गेले. कुणी तरी चोरले, तू आत्ता पोलिसात चल, सायबरवाले आसतेत परभणीला, माझ्यासंगं चल."

"आगं, गप, खाली बस. गेले न्हाईत." राणीनं तिच्या दंडाला धरून बसवलं. "मीच काढले काल. नवं यंत्र मागवलं मी. ती पोरगी ऐकंना, म्हणली, ताईवर इश्वास आसू दे, पण ताईच्या घरात चोर शिरला तर? मला पटलं. नवे शब्द काढले आन् समदे त्यात टाकले."

मंजुषा हसली, डोळे पुसले. राणीही हसली. मग राणीचं हसू थांबलं.

"पण ताई, तुला कसं कळलं?"

घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. मंजुषा खोटं शोधत होती आणि एकही सापडत नव्हतं.

"मला दिसायचं," ती म्हणाली. "माझ्या मोबाईलमदी."

"कवापासून?"

"फेब्रुवारी."

राणीनं टॅब बाजूला ठेवला. "पोखर्णीला मी तुला म्हणले. तवा बी दिसत व्हतं?"

"हाव."

मग मंजुषानं सगळंच सांगितलं. गाळ्याचं सांगितलं. डायरी, चोवीस शब्द, टाकलेली रक्कम, सगळं. शेवटी राणीनं विचारलं, "मग कामून न्हाई घेतले?"

"एक बाई आली गोळ्या घ्यायला."

"आन् ती आली नसती तर?"

"न्हाई सांगता येत मला, राणी."

राणी पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची माती उकरायला लागली. "गाळ्याचं मला म्हणली आसतीस. दिले आसते मी."

"तुला मागायचं? मी?"

ते तिच्या तोंडून असं निघालं की राणीनं वर बघितलं आणि तिला सगळं कळलं. आतून मायनं विचारलं, "मंजे आली का गं? जिवून जा म्हणावं." राणी उठली, "ताईला घाई हाय," म्हणाली आणि आत गेली.

माहेरी राणीनं कुणाला काही सांगितलं नाही, हे मंजुषाला मायच्या फोनवरच्या नेहमीच्या आवाजावरून कळलं. समोरचा गाळा एका चप्पलवाल्यानं घेतला. राणीचा फोन येईनासा झाला. मंजुषानं जुनं अॅप काढलं, डायरीतलं ते पान जाळलं. सकाळी शटर उघडल्यावर हात मोबाईलकडं जायचा, तो मात्र बरेच दिवस जात राहिला.

कार्तिकात बोरीचे तात्याराव बीपीच्या गोळ्या न्यायला आले. "राणीचं जमलं म्हणं. चारठाण्याचा पोरगा हाय. तुमाला तर माहीतच आसंल."

"हाव," मंजुषा म्हणाली आणि गोळ्या मोजायला वळली. तिला माहीत नव्हतं. पोरगा काय करतो, लग्नाचा खर्च कोण करणार, राणीनं किती बाजूला काढलेत, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तोच जुना राग आला, पण दुपारचा डबा तिनं न उघडता घरी नेला तो रागानं नाही.

चौथ्या दिवशी राणीचा फोन आला. आवाज कोरडा होता. "साखरपुडा हाय रविवारी. तू आदल्या दिवशी ये."

मंजुषा शनिवारी गेली. माय, रामहरी, पाहुणे, सगळ्यांत दोघींना एकटं बोलायला मिळालं नाही, दोघींनी तसं होऊही दिलं नाही. संध्याकाळी राणीनं पलंगावर पाच-सहा साड्या एकावर एक ठेवल्या. बाहेर उभ्या असलेल्या मंजुषाला तिनं हाक मारली नाही, नुसतं दार उघडं ठेवलं. मंजुषा आत आली. साड्या भारी होत्या. किमती काय असतील हे तिच्या मनात येऊन गेलंच.

"कंची नेसू?" राणीनं साड्यांकडेच बघत विचारलं.

मंजुषानं ढिगातली खालून दुसरी, डाळिंबी रंगाची, ओढून काढली. "ही. तुला लाल चांगला दिसतो."

राणीनं ती घेतली, खांद्यावर टाकली आणि आरशाकडं वळली.