कपाळावरचं लाल औषध

जत्रेतल्या कुणा शहाण्यानं देवळाशेजारच्या झाडाखाली चूल मांडली, ओली लाकडं पेटवली आणि वरच्या आग्यामोहोळाला भरपूर धूर दिला. मग काय, माश्यांनी अख्खी जत्रा वैनगंगेच्या पात्रापर्यंत पिटाळली. चांद्याहून जत्रेपुरत्या आलेल्या नर्स इंदुताईंच्या तंबूपुढे बघता बघता विव्हळणाऱ्यांची रीघ लागली.

तंबूत कंपाउंडर लटारूभाऊ होते. श्वास मोकळा करणारं इंजेक्शन त्यांच्यापाशी मोजकंच होतं. म्हणून इंदुताई दारात उभ्या राहिल्या. प्रत्येकाचे ओठ, जीभ, नाडी बघायच्या आणि ज्याचा जीव धोक्यात, त्याच्या कपाळावर जखमेच्या लाल औषधाचं बोट टेकवायच्या. खूण दिसली की लटारूभाऊंनी त्याला आधी घ्यायचं. काम सोपं होतं, पण लोकांनी ते सोपं ठेवलं तर ना.

गुणवंतराव सगळ्यांना ढकलून पुढे आले. त्यांची मालगुजारी सरकारनं नेली होती, आवाज तेवढा ठेवला होता.

"बाई, मले पयले घ्या. आंगाची आग होऊन राह्यली."

"ओरडता येतंय ना? म्हणजे श्वास ठीक आहे. तिकडे बसून काटे काढून घ्या."

"मी कोन आहो, मालूम नाई का तुमाले?"

इंदुताईंना चांगलं ठाऊक होतं. जो ओरडत नाही त्याच्याकडे आधी बघावं लागतं, हे सकाळपासून सांगून त्यांचा घसा सुकला होता. कुणाच्या कानात शिरत असेल तर शपथ.

ओरडत नव्हती ती मनकर्णाबाई. गर्दीच्या कडेला जावेच्या, सुगंधाबाईच्या, खांद्यावर मान टाकून बसली होती. पांढरं लुगडं, सुजलेले ओठ, गार पडलेले हात. इंदुताईंनी तिच्या कपाळावर बोट टेकवलं, "हिला आत न्या, लगेच," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

थोड्या वेळानं कापूस घ्यायला आत गेल्या, तर मनकर्णाबाई सगळ्यात मागच्या कोपऱ्यात आडवी. ओठ काळेनिळे. प्रत्येक श्वास ओढताना घशातून शीळ वाजत होती. कपाळावर घासून लाल झालेली कातडी, खूण नाही.

"लटारूभाऊ, हिला दिलं नाही?"

"खून नोयती बाई. म्हनून मांगं ठेवलं."

सुगंधाबाईच्या पदराला लाल डाग होता. ती खाली बघत म्हणाली, "म्याच पुसलं. विधवा बाई हाय ते. भर जत्रंत लाल टिक्का लावून बसवू का तिले? लोक का म्हनतीन?"

"काही म्हणणार नाहीत. खांदा द्यायला येतील."

इंदुताईंनी स्वतः सुई टोचली. संताप सुगंधाबाईवर होता, त्याहून जास्त स्वतःवर. त्यांचं स्वतःचं कपाळ लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी मोकळं झालं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, त्यांना तरी हे सुचायला हवं होतं.

हळूहळू शीळ कमी झाली. पण इंजेक्शनचा जोर उतरला की घसा पुन्हा आवळणार होता. जंगलखात्याचा ट्रक चांद्याच्या दवाखान्याकडे निघायच्या बेतात होता आणि लाल खुणेवाल्यांना आधी घ्या, असा निरोप जीपनं पुढे गेला होता. खुणेशिवाय ही बाई तिथल्या व्हरांड्यात पुन्हा मागेच पडली असती.

इंदुताईंनी बोट बुडवलं. मनकर्णाबाईला बोलता येत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी कपाळ झाकलं आणि मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुगंधाबाई म्हणाली, "नाई म्हनते ते. जाऊ द्या ना बाई."

जाऊ द्यायचं. म्हणजे मरू द्यायचं, पण कोऱ्या कपाळानं.

इंदुताईंनी तेच बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं. दाराशी काटे काढून घेत बसलेले गुणवंतरावसुद्धा विव्हळायचे थांबले.

"औषध आहे," इंदुताई म्हणाल्या. "बघ, मलाही लावलंय."

मनकर्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे हात सावकाश खाली आले.

खूण लावलेल्या मनकर्णाबाईला घेऊन ट्रक गेल्यावरही लोक होतेच. बाई वाचेल का, हे कुणी विचारलं नाही. सगळे इंदुताईंच्या कपाळाकडे बघत होते आणि त्यांनी बघितलं की नजर चुकवत होते. लटारूभाऊंनी भल्या मनानं स्पिरिटची बाटली पुढे केली.

"घ्या बाई, यानं निंगून जाते. कोनाले दिसनार नाई."

इंदुताईंनी बाटली घेतली, सगळं स्पिरिट दिव्यात ओतलं आणि त्यावर सुया उकळायला ठेवल्या.