पोत्रेरो इवातेचे एकशेचार टक्के

"निमिया, तुझ्या त्या हिरव्या नकाशाने आमची लस पळवली गं!" सुनिल्दामावशी फोनवर ओरडलीच. "काल जिल्ह्याचे आरोग्य साहेब टीव्हीवर तो नाचवत होते. म्हणे पोत्रेरो इवातेचं काम फत्ते! आज शाळेला कुलूप. नर्स गेल्या, लशींचा फ्रिज गेला, टोकन वाटणारासुद्धा गेला."

निमिया कबान्यासच्या हातातला चिपा पाव हातातच राहिला.

कोविडची लस आल्यापासून ती राजधानीत, असुन्सिओनला, घरी बसून हे काम करत होती. आरोग्य खातं रोज गावोगावच्या पहिल्या डोसांचा तक्ता काढी, पण तो नुसता फोटो; त्यातले आकडे कुणाला वापरता येत नसत. निमिया ते टाइप करी, तपासून घेई आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या पानावर चढवी. मग गावच्या लोकसंख्येने भागून नकाशा रंगवी. जास्त लस, गडद हिरवा. पोत्रेरो इवाते शंभराच्या वर गेलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली होती. पण जनगणना जुनी आहे, माणसं वाढली असतील, असं म्हणून तिने ते तसंच ठेवलं होतं.

ती मिळेल त्या बसने गावी गेली. शाळेच्या वऱ्हांड्यात मावशी आणि शेजारचे एलिहिओकाका तेरेरेचं गार पेय पीत बसले होते. साथीमुळे प्रत्येकाचा पेला वेगळा.

"अगं, पुलापलीकडची माणसं ट्रक भरभरून इकडे यायची," मावशी म्हणाली. "त्यांच्याकडे रांगा मोठ्या. आम्ही म्हटलं, लांबून आलेत, घेऊ देत आधी. पाहुण्यांची पंगत उठली आणि घरचे बसायच्या आत चूलच विझवली की यांनी!"

"पण मावशी, तू तर घेतलीस ना?"

"मी? छे! गर्दी ओसरली की जाईन म्हटलं होतं."

निमिया पायरीवर बसली. एकशेचार टक्क्यांच्या गावात तिने विचारलेलं पहिलं माणूस, तिची सख्खी मावशी, लशीवाचून होती.

"आणि काका, तुम्ही?"

एलिहिओकाका हसले. "मी तुझ्या मावशीच्या मागे उभा राहणार होतो. तिने पुढे व्हायला हवं ना!" हसता हसता त्यांना खोकला आला.

दुसऱ्या दिवशी ती जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत गेली. अधिकाऱ्याने शांतपणे एक छापील कागद तिच्यापुढे सरकवला.

"बाई, हा नकाशा तुमचाच ना?"

"माझाच. पण हे तिथे टोचलेले डोस आहेत, साहेब. तिथे राहणारी माणसं नव्हेत!"

"असं कुठे लिहिलंय?"

तिने कागद वर-खाली पाहिला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तसं सांगणारी तळटीप होती, छापताना ती अर्धी कापली गेली होती. पण अख्खी असती तरी वाचली कुणी असती? इतक्या महिन्यांत तिने एकही आकडा चुकीचा टाइप केला नव्हता, आणि तरीही शाळेला कुलूप लागलं होतं.

कचेरीबाहेरच्या बाकावर बसून तिने लॅपटॉप उघडला आणि सगळ्या देशाचा नकाशा करडा केला. वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'लस कुठे दिली एवढंच इथे कळतं. घेणारा कुठला, ते कळत नाही.' मग पोत्रेरो इवातेत काय झालं तेही खाली मांडलं. संध्याकाळपर्यंत शिव्यांचा पाऊस पडला. इतके दिवस काय झोपली होतीस, असं लोक विचारू लागले. दोन पत्रकारांनी मात्र थेट अधिकाऱ्यालाच गाठलं.

पुढच्या आठवड्यात शाळा उघडली. फ्रिज आला, नर्स आल्या. मावशीने लस घेतली आणि दंड धरून घरी आली.

एलिहिओकाका आले नव्हते. आदल्या शनिवारी तालुक्याच्या इस्पितळात कोविडने त्यांचा जीव गेला होता.

निमियाला ते फोनवर कळलं.

"ऐकतेयस ना?" मावशी म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तसाही तो सुईला फार घाबरायचा."

हे खरं होतं की मावशीने तिच्यासाठी रचलं होतं, ते तिने विचारलं नाही. फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, त्या दिवसाचा तक्ता अजून टाइप करायचा राहिला होता.