घड्याळाकडे झुकलेली पृथ्वी

खगोल-दालनात नवरा पृथ्वी होता आणि बायको चंद्र. हे उलटं झालंय, पृथ्वी बाई हवी आणि चंद्र बाप्या हवा, असं भाषेचे मास्तर येऊन सांगून जायचे. पण नवऱ्याचं पोट गोल होतं आणि बायकोचे पाय भरभर चालायचे. संचालकबाईंनी नेमणूक करताना तेवढंच बघितलं होतं.

पूर्वी तिथे यंत्र होतं, पितळेच्या दांड्यांवर फिरणाऱ्या गोळ्यांचं. ते बिघडलं. दुरुस्तीवाला येईपर्यंत तात्पुरती माणसं उभी करू, असं ठरलं. आता कचेरीतलं तात्पुरतं म्हणजे काय, हे ज्याने एकदा भोगलंय त्याला सांगायला नको. दुरुस्तीवाला आलाच नाही आणि तात्पुरती पृथ्वी तेव्हापासून फिरतेच आहे.

मधोमध उंच स्टुलावर सूर्य बसे, डोक्याला भलामोठा दिवा बांधून. हे एक आजोबा होते. हातात पुठ्ठा घेऊन ते सतत स्वतःलाच वारा घालायचे. नवरा स्वतःभोवती गिरक्या घेत त्यांच्याभोवती मोठी फेरी मारायचा. त्याच्या कमरेला निळं इलॅस्टिकचं कापड होतं, तो समुद्र. समुद्राची एक दोरी बायकोच्या हातात आणि एक आजोबांच्या. अमावास्येला आणि पौर्णिमेला तिघं एका रेषेत आले की दोन्ही दोऱ्यांचा ताण एकाच रेषेत पडे, समुद्र पुढेमागे फुगे आणि नवऱ्याच्या पोटात गोळा येई. अष्टमीला एक दोरी इकडे, एक तिकडे, मग जरा श्वास घेता यायचा. भरती-ओहोटी पोरांना अशी पटकन कळायची. पृथ्वीचे काय हाल होतात, हे मात्र एकाही पोराने कधी विचारलं नाही.

आणि बायको नवऱ्याभोवती फिरायची. चंद्राने पृथ्वीला पाठ दाखवायची नाही, हा कामाचा पहिला नियम. त्यामुळे तिचं तोंड कायम नवऱ्याकडे. घरी असं कधी व्हायचं नाही. घरी पोचल्यावर त्याला गरगरायचं, तो भिंतीला धरून आडवा व्हायचा. तीही पाय वर करून टीव्हीसमोर पडायची. दोघांचं बोलणं व्हायचं ते इथेच, फेरीत. गॅस संपत आलाय, लेकीचा फोन आला होता, शेजारीण पुन्हा साखर मागायला आली होती, सगळं इथे. अमावास्येला, म्हणजे ती त्याच्या आणि सूर्याच्या मधे आली की, उजेड तिच्या पाठीवर पडायचा आणि तोंड काळोखात जायचं. टोचून बोलायचं असलं की ती तो मुहूर्त साधायची. पौर्णिमेला सगळा उजेड तोंडावर, तेव्हा आपसूक गोड व्हायची.

या संसारात एकच गोम होती. नवऱ्याला ऐकू कमी यायचं. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. कानात यंत्र घातलेली पृथ्वी कोण ठेवून घेईल? त्याने आपला उपाय काढला होता. पृथ्वीला तिरकं चालावंच लागतं, मग तिरकं व्हायचं तर बायकोकडे व्हायचं. ती जिकडे जाईल तिकडे हा झुकायचा आणि तिचा शब्द न् शब्द टिपायचा.

मग एका शाळेतून तक्रार आली. तुमचं दालन बघून आलेली मुलं म्हणतात, दर पंधरा दिवसांनी उन्हाळा संपून हिवाळा लागतो.

संचालकबाईंनी त्याला खोलीत बोलावलं.

"अहो, तुम्ही झुकता कुणीकडे?"

"असं... जमेल तिकडे."

"जमेल तिकडे? पृथ्वी जन्मभर एकाच दिशेला झुकलेली असते! झुकाव तोच ठेवायचा आणि सूर्याभोवती फिरायचं. मग कधी डोकं सूर्याकडे येतं, तो वरच्या अंगाला उन्हाळा. अर्धी फेरी झाली की डोकं लांब आणि पाय सूर्याकडे, तेव्हा वर हिवाळा. तुम्ही ऋतूंचा पार विचका केलाय. ते भिंतीवरचं घड्याळ दिसतंय ना? उद्यापासून कुठेही असा, डोकं घड्याळाकडे."

"आणि नाही जमलं तर?"

"परवा वरून साहेब येतायत तपासायला. नाही जमलं तर तुम्हाला युरेनसला पाठवावं लागेल."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. युरेनस म्हणजे इमारतीच्या पार मागचं दालन. तो ग्रह आडवा पडून फिरतो, म्हणून तिथल्या माणसाने जमिनीवर लोळत फेरी मारायची. तिकडे प्रेक्षक फिरकत नसत. मधे एकदा दिवा गेला होता, तरी तिथला गृहस्थ अंधारात लोळतच राहिला, कारण त्याला थांब म्हणायला कोणी गेलं नाही. आणि तिथे बायको नसणार. तिथे गेलं की बोलणं संपलं, घरचं आणि दारचंही.

घड्याळाकडे झुकावं तर बायको अर्धीच ऐकू येणार. न झुकावं तर मुळीच नाही. अर्धी तर अर्धी, असं ठरवून तो कामाला लागला.

साहेब आले. खुर्ची मांडली गेली, चहा आला. दिवे मालवले आणि आजोबा पेटले. नवऱ्याने दात आवळून डोकं घड्याळाकडे केलं आणि गिरकी घेतली. बायको घड्याळाच्या बाजूला होती तोवर ऐकू येत होतं.

"काल आजोबा भेटले होते," ती म्हणाली. "मला बाजूला घेऊन म्हणाले..."

आणि ती पलीकडे गेली. पलीकडे तिचे ओठ हलत होते, हातवारे चालले होते. शब्द मात्र एकही पोचत नव्हता. झुकावं का? साहेबांचा डोळा त्याच्यावरच होता. तो नेटाने घड्याळाकडेच झुकून राहिला. ती फिरून अलीकडे आली.

"...म्हणून मग मी हो म्हणून टाकलं," ती म्हणाली.

कशाला हो? नवऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली, आणि तोच जमीन असल्यामुळे जास्तच सरकली. पुढच्या फेरीला ती पुन्हा पलीकडे जाऊन बरंच काही बोलली आणि अलीकडे येऊन म्हणाली, "तुमचं काय म्हणणं?" त्याने मान डोलावली. मान डोलावली की झुकाव हलतो, म्हणून लगेच थांबवली. त्यात पौर्णिमा आली, दोन्ही दोऱ्या ताणल्या, पोटात उधाण आलं. त्याला रडू येईलसं वाटलं. पण डोकं काही हललं नाही.

"वा!" साहेब उठून म्हणाले. "ऋतू अगदी जिथल्या तिथे आहेत." आणि उरलेली बिस्किटं संपवून गेले.

दिवे लागले. नवरा धापा टाकत तिच्याजवळ आला.

"कशाला हो म्हणालीस तू?"

"आत्ता तर सांगितलं. दोनदा."

"ते... मला नीट..."

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "माहितीये मला. किती वर्षं झाली माहितीये. उगाच का तुमच्या नाकाला नाक लावून फिरतेय? चंद्र इतका जवळ असतो का कधी?"

ती फळीच्या कडेवर बसली. चंद्राची वाट सपाट नसते. सपाट ठेवली तर दर पौर्णिमेला पृथ्वीची सावली पडून ग्रहण लागायचं, म्हणून फळ्या ठोकून ती तिरपी केली होती. अर्धी फेरी चढ आणि अर्धी उतार. तिने साडी थोडी वर घेतली. गुडघे सुजून टम्म झाले होते.

"गुडघे गेलेत माझे," ती म्हणाली. "आजोबा काम सोडतायत. म्हणाले, तू बस स्टुलावर. म्हणून हो म्हणून टाकलं."

इतकी वर्षं तिचं तोंड त्याच्यासमोर होतं, उजळलेलं, अर्धं, कोरीएवढं. त्या तोंडाखाली पाय आहेत आणि ते चढ चढतायत, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

"बस तू," तो म्हणाला. "बसच."

पुढच्या आठवड्यात बायको सूर्य झाली. नवा चंद्र म्हणून तिकीट-खिडकीतली मुलगी आली. ती कानात गाणी लावून फिरायची आणि कोणाशी बोलायची नाही. नवरा आता बायकोभोवती मोठी फेरी मारू लागला, डोकं घड्याळाकडे. घड्याळाच्या बाजूला असला की डोकं तिच्यापासून लांब जायचं, हिवाळा लागायचा, काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तेव्हा तीही बोलायची नाही, नुसता पुठ्ठ्याने वारा घ्यायची. मग तो फिरत फिरत समोरच्या बाजूला यायचा, डोकं आपोआप तिच्याकडे कलायचं आणि उन्हाळा सुरू व्हायचा. हिवाळाभर साठवलेलं सगळं ती तेव्हा बोलून घ्यायची, घाईघाईने. त्याला फक्त ऐकायचं असायचं. ते काम त्याला उत्तम जमायचं.

एकदा ऐन उन्हाळ्यात ती मधेच गप्प बसली.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"काही नाही. दरवेळी मीच बोलते. आता तुम्ही बोला काहीतरी. लवकर बोला, उन्हाळा संपत आला."

इतक्या वर्षांत त्याच्यावर ही वेळच आली नव्हती. एक गिरकी गेली, दुसरी गेली, डोकं तिच्यापासून सरकायला लागलं.

"गुडघे कसे आहेत गं?" त्याने विचारलं.

दिव्याखाली तिचं तोंड त्याला नीट दिसत नव्हतं, आणि उत्तर येईपर्यंत तो पुढे गेला होता. ती काहीतरी म्हणाली खरी. पण ते ऐकायला त्याला आता अख्खा हिवाळा काढावा लागणार होता.