पहिला घोट देणाऱ्याचा

मी निळा मग बोलतोय. नुसता मग म्हणू नका हं, नगरपालिकेचा मग! पोटावर शिक्का आहे माझ्या. आफ्रिकेतल्या बुलावायो शहराच्या रेल्वे वस्तीत नगरपालिकेची बाग आहे आणि त्या बागेत नगरपालिका स्वतः ज्वारीची बिअर विकते. आंबिलीसारखी दाट, वर फेस. तिथल्या खिडकीवर माझा जन्म गेला.

कारखान्यातून आम्ही भाऊ-भाऊ एकात एक बसून आलो. काही फुटले, काही हरवले, एकाला तर कुणीतरी कोंबड्यांना पाणी ठेवायला पळवलं. मी टिकलो तो खिडकीतल्या मान्याथीबाईंमुळे. माझा कान तुटला तेव्हा त्यांनीच तो तारेनं बांधला. बाई तोंडाच्या फटकळ, पण मला विसळताना हात कसा मऊ!

बागेत एकट्यानं पिणाऱ्याला कुणी विचारत नाही. चौघांत एक मग, तो हातोहात फिरतो. जो विकत आणतो त्यानं आधी पूर्वजांसाठी दोन थेंब मातीवर सांडायचे, मग स्वतः घोट घ्यायचा आणि नंतरच दुसऱ्याला द्यायचा. 'माझ्या मनात काळंबेरं नाही, यात विष नाही,' हे तोंडानं सांगावं लागत नाही, त्या घोटानं कळतं.

मारुलाच्या झाडाखालचं बाकडं लुंगा आणि हादेबे यांचं. लुंगा रेल्वेत फिटर, हादेबे गार्ड, दोघेही निवृत्त. भांडणं तर रोजची.

"तुझी गाडी कधी वेळेवर पोचली होती का रे?" लुंगा विचारायचे.

"तू दुरुस्त केलेलं इंजिन पुढे लावलं की कशी पोचणार, बाबा?"

आणि मग मी दोघांच्या हसण्यानं हिंदकळायचो. मला फार आवडायचं ते.

एका शनिवारी फुटबॉलवरून दोघांची चांगलीच जुंपली. हादेबे रागानं लाल. दुसऱ्या दिवशी लुंगांनी समेटासाठी मला काठोकाठ भरून आणलं, दोन थेंब मातीवर सांडले आणि स्वतः घोट न घेताच मला पुढे केलं.

हादेबेंचा हात हवेतच थांबला. "आधी तू घे."

"मला नको. तू पी ना."

"नको? चाळीस वर्षांत तुला कधी नको झाली नाही, ती आजच कशी? काय घातलंयस यात?"

"जे समजायचं ते समज!" लुंगा ताडकन म्हणाले.

हादेबेंनी मला उपडं केलं. बिअर मातीत गेली, मी बाकड्याखाली घरंगळलो, आणि दोघं दोन दारांनी निघून गेले. मला उचलणारंही कुणी नव्हतं. त्यानंतर हादेबे कुंपणाशी बसू लागले. लुंगा मारुलाखाली यायचे, रिकाम्या हातांनी बसायचे आणि कुंपणाकडे बघून घरी जायचे. अहो, मला गळा असता तर ओरडलो असतो!

अशातच बातमी आली की नगरपालिका बाग बंद करणार. शेवटच्या दिवशी अख्खी वस्ती लोटली. हादेबे खिडकीशी आले तेव्हा मान्याथीबाईंनी मला घट्ट धरून ठेवलं.

"आधी ऐकून घ्या. ते लुंगा दवाखान्याच्या रांगेत माझ्या पुढेच होते. यकृत गेलंय त्यांचं. डॉक्टरांनी थेंबही वर्ज्य सांगितलाय."

"मग बोलला का नाही तो?"

"तुम्हाला? 'म्हातारा झालास' म्हणून तुम्ही अख्ख्या बागेत दवंडी पिटली असती! मला म्हणाले, 'एक घोट घेतला तर मी थांबणार नाही. पण हादेबेशिवाय रविवार जात नाही, म्हणून बागेत जातो.'"

हादेबे हळूच म्हणाले, "दे तो मग. रिकामाच दे."

ते मला घेऊन बागेतल्या नळाशी गेले. नळाशी! विसळण्यापुरतं सोडलं तर माझ्या पोटात आजवर बिअरशिवाय काही गेलं नव्हतं. पाण्यानं भरून मला मारुलाखाली नेलं, दोन थेंब मातीवर सांडले, स्वतः मोठा घोट घेतला आणि मला लुंगांपुढे धरलं.

"पी. विष नाही त्यात. चव तेवढी वाईट आहे."

लुंगांनी मला दोन्ही हातांनी घेतलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुझ्या गाडीसारखाच आलास. उशिरा."

"पण आलो ना!" हादेबे म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या संध्याकाळी बागेला कुलूप लागलं. हादेबेंनी मला कोटाखाली लपवून बाहेर काढलं. मान्याथीबाईंनी पाहिलं आणि बाई चक्क आकाशाकडे बघत राहिल्या.

आता मी लुंगांच्या घरी पाण्याच्या घागरीवर असतो. लुंगा फार थकलेत, अंथरुणातून उठवत नाही त्यांना. तर नगरपालिकेच्या साहेबांनो, माल तुमचा आहे, शिक्काही तुमचाच आहे. तरी मला न्यायला येऊ नका. आणि यायचंच असेल तर निदान रविवारी येऊ नका, रविवारी हादेबे येतात. मला भरतात, आधी स्वतः पितात, आणि मग मित्राचं डोकं हातानं उचलून मला त्याच्या ओठांशी धरतात.