पांढरी ओम्नी, ठाण्याचा नंबर

तो मेल मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायची वेळ आली की मी शब्द फिरवीन. मला माझी सवय माहीत आहे.

२००९ च्या दिवाळीनंतर बावधनमधल्या आमच्या सोसायटीत चोरी झाली. बी विंगमधली स्वरदा नवऱ्याबरोबर साताऱ्याला गेली होती. तेवढ्यात कुणीतरी कुलूप तोडून दोन लॅपटॉप आणि देवघरातली चांदीची समई नेली. झालं, आमच्या गूगल ग्रुपला चेव आला. तोपर्यंत ग्रुपवर पाणी कधी येणार, जुना सोफा विकणे आहे आणि कुणाच्या कुत्र्याने जिन्यात काय केलं, एवढेच विषय असत. आता सेक्रेटरी दादासाहेबांनी फर्मान काढलं की अनोळखी गाडी दिसली की नंबर, रंग आणि माणसांचं वर्णन ताबडतोब ग्रुपवर टाकायचं. दादासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कागदावर भरवसा ठेवणारे. ते प्रत्येक मेल छापून काढत आणि गेटजवळच्या फळ्यावर टाचण्यांनी लावत.

पंधरा दिवसांत फळा भरला. इस्त्रीवाल्याची स्कूटर, केबलवाल्याची मोटरसायकल, कुरिअरचा टेम्पो, सगळे संशयित. एकदा तर खुद्द स्वरदाच्या सासऱ्यांची इंडिका फळ्यावर लागली. मी खूप हसले, आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी जाळीवाल्याला बोलावून गॅलरी बंद करून घेतली. गॅलरीत वेताचा हिरवा झोपाळा होता, तो जाळीत बसेना, म्हणून काढून माळ्यावर टाकला.

त्या झोपाळ्याला एक माणूस ओळखायचा.

कोळवणचे एक शेतकरी दर वर्षी मार्गशीर्षात आमच्याकडे आंबेमोहोर आणून द्यायचे. ऑफिसमधल्या एका बाईंनी त्यांचा नंबर दिला होता. एसटीने यायचे, चांदणी चौकात उतरायचे आणि अर्धं पोतं डोक्यावर घेऊन चालत सोसायटीपर्यंत. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंतचं धोतर. मी त्यांना मामा म्हणायची, जशी भाजीवाल्याला आणि रिक्षावाल्यालाही म्हणते. पहिल्या वर्षी ते तीन इमारतींत भटकून घामाघूम होऊन आले, तेव्हा मीच सांगितलं होतं, ‘मामा, पाट्या वाचत बसू नका. खालून वर बघायचं, हिरवा झोपाळा दिसला की ते माझं घर.’ पुढे पाच वर्षं ते तसेच आले. चहा मी त्यांना दारातल्या स्टुलावर द्यायची. आत या असं कधी म्हटलं नाही, आणि म्हटलं नाही हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘तांदूळ’ या नावाने होता.

डिसेंबरातला रविवार होता. नवरा नरहरी भाजी आणायला गेला होता आणि मी जाळीतून कपडे वाळत घालत होते. खाली आमच्या भिंतीलगत पांढरी ओम्नी उभी होती. ठाण्याचा नंबर, खिडक्यांना पडदे. पँट-शर्ट घातलेला एक माणूस गाडीबाहेर उभा राहून एकेक गॅलरी निरखत होता. मध्येच बोटाने मोजल्यासारखं करायचा, मग पुढच्या इमारतीखाली जायचा, परत यायचा. कानाला फोन. पडद्याआड कुणीतरी हललं आणि पडदा पुन्हा नीट झाला.

माझ्या छातीत धडधडायला लागलं, हे खरं. पण त्या धडधडीत थोडी मजाही होती, हेही खरं. इतके दिवस मी दुसऱ्यांचे मेल वाचत होते. आता माझी पाळी आली होती. मी आत जाऊन कॉम्प्युटर लावला आणि तेव्हा सगळे लिहायचो तसं इंग्रजी अक्षरांत मराठी बडवलं. ‘पांढरी ओम्नी, ठाण्याचा नंबर. एक माणूस गॅलऱ्या मोजतोय आणि फोनवर कुणाला तरी माहिती देतोय. आत आणखी माणसं लपून बसली आहेत. कृपया पुरुषांनी लगेच खाली जावं. शारदा, ए-४०२.’ ‘लपून’ हा शब्द माझा. ती माणसं नुसती बसली होती.

पाच मिनिटांत खालून आवाज यायला लागले. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते. चहा ठेवला. मग खाली काय चाललंय ते नवऱ्याला कळवावं म्हणून फोन शोधला. तो बेडरूममध्ये चार्जिंगला लावलेला होता, आवाज बंद करून.

‘तांदूळ’, पाच मिस्ड कॉल.

मी फोन हातात धरून उभी राहिले. खालच्या माणसाच्या कानाला फोन होता. तो ज्याला माहिती देत होता ती मी होते, आणि मी उचलत नव्हते. गॅस बंद केला की नाही आठवत नाही. लिफ्ट येईना म्हणून चार मजले जिन्याने उतरले. उतरताना मनात एवढंच होतं की ते दुसरंच कुणी असू दे.

गेटपाशी पंधरा-वीस जण जमले होते. ओम्नीच्या पुढच्या चाकांतली हवा सोडलेली. किल्ली दादासाहेबांच्या मुठीत आणि दुसऱ्या हातात नुकताच छापलेला माझा मेल. चौकीवरून एक हवालदार आला होता. मध्ये मामा उभे होते, टोपीशिवाय. टोपी आणि पोतं नसेल तर या माणसाचा चेहरा मला ठाऊकच नव्हता. सहा वर्षांत मी त्यांच्या डोक्यावरचं ओझं पाहिलं होतं, खालचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांचा डावा गाल लाल झाला होता. सी विंगमधला निषाद, एका सॉफ्टवेअर कंपनीतला, हात चोळत बाजूला उभा होता. गाडीचं दार उघडं होतं. आत एक बाई पदर तोंडाशी धरून रडत होती आणि बाहेर वीसेक वर्षांची एक मुलगी उभी होती. ती रडत नव्हती. सगळ्यांकडे बघत होती.

“ह्या बगा आल्या,” मामा म्हणाले. “ह्या वळकत्यात मला. मी कवाधरनं सांगतूया, बाईंकडं आलूया म्हनून. हिरवा झोपाळा असतुया त्येंच्या घराला.”

“झोपाळा कुठाय? आख्ख्या सोसायटीत झोपाळा नाही,” निषाद म्हणाला.

“हे माझ्या ओळखीचे आहेत,” मी म्हणाले. “दर वर्षी तांदूळ देतात.”

हवालदाराने वही उघडली. “बरं. नाव काय यांचं?”

मला नाव माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात ‘तांदूळ’ सोडून काही येत नव्हतं. एवढ्या बायकांत, पुरुषांत, त्या मुलीसमोर मी तोंड उघडून नुसती उभी राहिले.

“कुशाबा लिवा सायेब,” मामाच म्हणाले. “बाई मला मामा म्हनत्यात. मोठ्या मानसाचं नाव कोन घेतंय?”

मार खाल्लेल्या माणसाने मला सांभाळून घेतलं.

दादासाहेब गोंधळले. मेलचा कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, “अहो, पण तुम्हीच तर...”

“दादासाहेब, आपण नंतर बोलू,” मी म्हणाले. इतक्या घाईने म्हणाले की ते गप्पच झाले. कागद त्यांनी सवयीने फळ्यावर टाचला, किल्ली परत दिली आणि लोक हळूहळू पांगले. सॉरी कुणी म्हटलं नाही. आमचा वॉचमन बहिरू तेवढा पंप घेऊन आला आणि चाकांत हवा भरू लागला.

मग कुशाबांनी गाडीतून पत्रिका काढली. तिच्यावर हळदकुंकू आणि चार अक्षता होत्या. “पयली देवाम्होरं ठिवली. ही दुसरी, तुमची. ही आमची राणी, हिचं लगीन हाय माघात. ही मंडळी, बाळाबाई. आज बस्ता बांधायला निगालो व्हतो. म्हनलं, आदी बाईंना गाडी दावू. जुनीच हाय, ठान्याच्या मानसाकडनं घेतली. तुमच्या हापिसातली समदी आमचा तांदूळ घ्याया लागली, तवा ही झाली. फोन लावत व्हतो, म्हनलं, बाई, जरा खाली बगा.”

ते फोनवर मला हे सांगणार होते. खाली बघा. आणि मी खाली बघितलंच होतं.

“लई उपकार झालं,” ते म्हणाले. “तुमी आला नसता तर चौकीत नेलं असतं आमाला, पोरीसकट.”

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द सगळे मराठीच होते, एकही अवघड नव्हता. मी म्हणाले, “चहा घेऊन जा ना वर,” आणि त्यांनी उशीर झाला म्हणून हात जोडले. तांदळाचं पोतं बहिरूने वर आणून दिलं. संध्याकाळी मी ग्रुपवर एक ओळ टाकली, ‘सदर वाहन ओळखीचे निघाले, आधीच्या मेलकडे दुर्लक्ष करावे.’ त्यावर अकरा उत्तरं आली. अकराही जणांनी माझ्या सतर्कतेचं कौतुक केलं होतं. एकीने तर आपण सगळ्यांनी शारदाताईंचा आदर्श घ्यावा असं लिहिलं. मी कॉम्प्युटर बंद करून रात्रीचा भात लावला, त्याच तांदळाचा. घरभर वास सुटला. नरहरी म्हणाला, यंदा तांदूळ फार सुरेख आहे.

लग्नाला जायचं नाही असं मी तीनदा ठरवलं. शेवटी गेले, कारण न जाणं म्हणजे आणखी एकदा फोन न उचलणं झालं असतं. नरहरीला घेतलं नाही. वाटभर मनात वाक्य जुळवत होते. कुशाबांना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, मामा, तो निरोप मीच दिला होता. एवढंच. पौडच्या पुढे वळणावळणाला ते मोठ्याने म्हणून पाहिलं.

गावाच्या तोंडाशी चार-पाच म्हातारे पारावर बसले होते. मी गाडी हळू केली. त्यांतले कोंडाजी म्हणून एक उठले, काच खाली करायची खूण केली आणि वाकून म्हणाले, “लग्नाला ना? हितं नगा लावू, उन्हात तापंल. म्होरं चिंचंखाली लावा.” ते स्वतः पुढे चालत जाऊन जागा दाखवून आले. गाडी कुणाची, नंबर कुठला, कुणी विचारलं नाही.

कुशाबांनी मला लांबून बघितलं आणि फेट्याचा शेमला सावरत आले. मी जुळवलेलं वाक्य तोंडात आणत होते, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. थेट आत नेलं, माजघरात, उशी ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं. बाळाबाईंनी काचेच्या ग्लासात सरबत आणलं. मला दारातलं स्टूल आठवलं. थोड्या वेळाने मांडवात लाऊडस्पीकरवर माझं नाव घेतलं गेलं. पुण्याहून आलेल्या शारदाताई, आपल्या कुशाबांवर बाका प्रसंग आला असताना एकट्या बाईमाणसाने पन्नास लोकांसमोर उभं राहून त्यांना सोडवलं, त्यांचा सत्कार. वीस जणांचे गावापर्यंत येताना पन्नास झाले होते. बाळाबाईंनी माझी ओटी भरली, अंगावर साडी ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, आणि बायकांना वाटलं, किती साधी बाई आहे.

अक्षता पडल्यावर मी नवरीला भेटायला गेले. राणी मुंडावळ्या मागे सारून खुर्चीत बसली होती. मी वाकून तिच्या कानाशी म्हणाले, “राणी, मला तुझ्या वडिलांना एक सांगायचंय.”

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. आवाज अगदी खालचा, तोंडावर नवरीचं हसू तसंच. “बहिरूदादा हवा भरत व्हता तवा मी फळ्यावरचा कागद वाचला. मी बी.कॉम. केलंय पौडच्या कॉलेजात. खाली तुमचं नाव व्हतं.”

“मामांना सांगितलंस?” मी विचारलं.

“न्हाई. आन् तुमी बी सांगायचं न्हाई.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं, गेटवर सगळ्यांकडे बघत होती तसं. “माझ्याम्होरं मारलंय त्येंना. त्या दिसाचं त्येंच्याकडं तुमी सोडवलं एवढंच ऱ्हायलंय. तेवढं बी काढून घेऊ नगा.”

माझं वाक्य माझ्यासाठी होतं, हे त्या पोरीला माझ्याआधी कळलं होतं.

कुणीतरी खांद्याला हात लावला. कुशाबा होते, मागे सात-आठ पाहुणे घेऊन, कोण भूगावचे, कोण भऱ्याचे. उन्हाने आणि आनंदाने त्यांचं तोंड फुललं होतं. गेटवरच्या दिवसापासून मी ते तोंड विसरलेले नाही.

“ह्याच त्या बाई,” ते पाहुण्यांना म्हणाले. “ह्येंनी सोडवलं मला.”

पाहुण्यांनी मला हात जोडले. राणी माझ्याकडे बघत होती. मीही हात जोडले आणि हसले.