पांढऱ्या सुया

कॉलेजच्या सामानाच्या खोलीत केशवने सदऱ्यातून जानवे वर ओढले, त्याला बांधलेल्या किल्लीने कपाट उघडले आणि कॉलेजने नमुन्यादाखल ठेवलेल्या क्विनाइनच्या चपट्या बाटलीमागे लपवलेला गाळणकागद बाहेर काढला. खरा जर्मन कागद. लढाई सुरू झाली तसा तो औरंगाबादेत यायचा बंद झाला होता, आणि होता नव्हता तेवढा संपला, असे केशवनेच सगळ्यांना सांगून टाकले होते. त्यातली एक चकती त्याने सकाळी चहात बुडवून खिडकीत वाळत घातली होती. आता तिच्या कडा त्याने नखांनी कुरतडल्या. चकती कागजीपुऱ्याच्या हातकागदासारखी पिवळट आणि ओबडधोबड दिसू लागली. जवळून पाहणाऱ्याला फसवणूक कळली असती. पण प्रोफेसर मुकुंदराव कुठलीच गोष्ट जवळून पाहत नसत, हे प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली इतकी वर्षे काढलेल्या केशवला चांगले ठाऊक होते.

त्याने चकतीची घडी घालून ती काचेच्या नरसाळ्यात बसवली. पुंजाराम शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"हैदराबादचे साहेब आले, मास्तर. लई मानसं हायेत. खुर्च्या पुरंनात."

"आणखी आण. गणिताच्या वर्गातल्या आण."

"आज आपल्या कालिजाचं नाव व्हनार म्हनं."

"होणार," केशव म्हणाला आणि नरसाळे नीट सरळ केले.

ज्या शोधासाठी एवढी माणसे जमली होती तो केशवचा होता. जावा बेट जपान्यांच्या हाती गेले आणि तिथून येणारे, हिवतापावरचे क्विनाइन सोन्याहून दुर्मीळ झाले, त्या साली त्याने खुलताबादच्या डोंगरातून रोहणीची साल आणली. खेड्यापाड्यांत तापावर तिचा काढा देतात. त्या काढ्यात औषध आहे तर ते मोकळे करून पाहावे, एवढाच त्याचा विचार. गाळायला कागद नव्हता, म्हणून तो कागजीपुऱ्याला कमरोद्दीनच्या कारखान्यात गेला आणि जाडसर हातकागद घेऊन आला. गंधकाच्या पातळ तेजाबात, म्हणजे आम्लात, साल उकळायची, त्या कागदाच्या चार पदरांतून गाळायची, आटवायची, निवू द्यायची. एका दुपारी बशीच्या तळाशी पांढऱ्या, रेशमी सुया चमकल्या. क्विनाइनचे स्फटिक नेमके तसेच दिसतात. केशवने एक सुई जिभेवर ठेवली. कडू लागली. तो तसाच मुकुंदरावांच्या घरी औरंगपुऱ्यात धावत गेला, पायात चपला घालायचेही त्याला सुचले नाही.

मुकुंदरावांनी त्याला जवळ बसवले, पत्नीला साखर आणायला सांगितली, आणि सगळे बारकाईने विचारून घेतले. उमावहिनींनी केशवच्या हातावर साखर ठेवली. पुढे हैदराबादच्या मासिकात निबंध छापून आला. त्यावर मुकुंदरावांचे नाव होते, खाली पदव्या होत्या आणि शेवटी कॉलेजच्या इमारतीचे आभार मानले होते. इमारतीचे! केशवने तो निबंध वाचनालयात उभ्याउभ्या वाचला. त्याला रडू आले नाही, राग आला, आणि तो राग पुढे त्याने कधी खाली ठेवला नाही.

त्या रागातच त्याला खरे काय ते कळले. एक दिवस त्याने उरलेल्या सुया लोखंडी पळीत ओतल्या आणि पळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. राख होऊ दे, काही उरू नये, एवढेच त्याच्या मनात होते. सुया जळल्या नाहीत. झाडापासून निघालेले औषध आधी काळे पडते, धूर सोडते. या सुया लालभडक पळीत पांढऱ्याशुभ्र बसून राहिल्या. मग त्याने साल न घालता नुसते पातळ तेजाब त्या हातकागदातून गाळले आणि आटवले. त्याच सुया आल्या. कमरोद्दीनच्या कारखान्यात चिंध्यांचा लगदा चुन्याच्या पाण्यात मुरवतात. तो चुना कागदात राहतो, आणि तेजाब लागले की त्याचे स्फटिक होतात. कडूपणा सालीचा होता, सुयांना चिकटून आलेला.

शोध म्हणजे कागदातला चुना होता. आणि मुकुंदरावांनी नेमका तोच पळवला होता.

त्या दिवशी केशव मोठ्याने हसला. स्वतःच्या हाताने मिळवलेली वस्तू माणूस पुन्हा पुन्हा तपासतो. आयती मिळालेली कोण तपासतो? मुकुंदरावांनी एकदाही सुया जाळून पाहिल्या नव्हत्या. तेव्हापासून केशवने तोंड शिवून घेतले. मुकुंदरावांना सरकारी पत्रे येऊ लागली, शहरातल्या एका दवाखान्यात तापकऱ्यांना त्या सुयांच्या भुकटीच्या पुड्या मिळू लागल्या, तरी तो गप्प राहिला. तसेही क्विनाइन कुठे मिळते आहे, आणि इतक्याशा चुन्याने कोणी मरत नाही, असे तो मनाशी म्हणे. मुकुंदराव आणखी वर चढू देत. पडायला उंची हवी. रोज सकाळी जानव्याच्या किल्लीची गाठ तो आवळून घेई, कारण कपाटातला तो कागद कोणाच्या हाती लागायला नको होता.

आज हैदराबादचे निजामुद्दीनसाहेब प्रयोग डोळ्यांनी पाहायला आले होते. त्यांचे समाधान झाले तर भुकटीचा कारखाना निघणार होता आणि मुकुंदराव त्याचे मुख्य होणार होते.

मुकुंदराव सामानाच्या खोलीत आले आणि त्यांनी मागे दार लोटले. अंगात नवी शेरवानी होती, पण चेहरा जागरणाचा दिसत होता.

"केशवराव, सगळं तयार आहे?"

केशवराव! आजवर ते त्याला अरे-तुरेच करत आले होते.

"तयार आहे, साहेब."

"तुम्हाला एक सांगायचं होतं." ते स्टुलावर बसले. "घरी ताप आला होता. उमाला. हुडहुडी भरून, हाडं मोडणारा. माझ्याकडं ठेवणीतलं क्विनाइन होतं थोडं. तिला ते देत होतो. मग म्हटलं, माझा माझ्याच औषधावर विश्वास नसेल तर लोकांना कुठल्या तोंडानं देऊ? क्विनाइन बंद केलं, राहिलेलं शेजारी देऊन टाकलं. आपली भुकटी सुरू केली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला."

केशव नरसाळ्याकडे पाहत होता. क्विनाइन पोटात गेले होते म्हणूनच ताप उतरला, हे त्याला ऐकताक्षणी कळले.

"तुमच्या औषधानं उतरला, केशवराव. तुमच्या. मी चोरी केली. मी उशाशी बसलो की ती मला म्हणायची, केशवभावजींना बोलवा, त्यांचं तोंड गोड करा. मला वर बघवत नव्हतं." त्यांनी शेरवानीच्या बाहीने डोळे टिपले. "आज मी सगळ्यांसमोर तुमचं नाव सांगणार आहे. निबंध दुरुस्त करून पाठवणार आहे. कारखान्याचंही तुम्हीच बघा."

इतके दिवस रचलेला बेत या माणसाने एका वाक्यात उलटा करून टाकला होता. आता प्रयोग फसला की फजिती कोणाची? केशवची. शोध जिवंत होता तेव्हा नाव चोरले आणि आता त्याच्या मढ्यावर नाव परत घालायला आला आहे, असे त्याला वाटले. पश्चात्ताप खरा होता, तो त्याला दिसत होता, आणि त्यामुळे तर त्याला अधिकच चीड आली.

"वहिनींना आता कसं आहे?" त्याने विचारले.

"बरंच म्हणायचं. आज पहाटे पुन्हा अंग जरा तापलं. निघताना थरथरत होती. दुप्पट पुडी देऊन आलोय."

बोलायची हीच वेळ होती. क्विनाइनची बाटली हाताच्या अंतरावर, कुलपात होती. साखर ठेवणारा तो हात केशवला आठवला. मग त्याला वाचनालयातले मासिक आठवले आणि आभार मानलेली इमारत आठवली. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, तो मनाशी म्हणाला, आधी हे होऊन जाऊ दे.

"चला, साहेब," तो म्हणाला. "लोक वाट बघतायत."

दालन गच्च भरले होते. मुकुंदरावांनी उर्दूत थोडके भाषण केले आणि मग एकदम केशवच्या खांद्यावर हात ठेवला. हा शोध माझा नाही, या माणसाचा आहे, निबंधावर माझे नाव पडले ती माझी चूक, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. सभेत कुजबुज झाली. निजामुद्दीनसाहेबांनी चष्मा काढून केशवकडे पाहिले.

"क्यों मियाँ, सच है?"

केशवने हात जोडले. उत्तर त्याने खोलीतून निघतानाच ठरवून ठेवले होते.

"नाही, हुजूर. प्रोफेसरसाहेबांचं मन मोठं आहे म्हणून ते असं बोलतायत. विचार त्यांचा, काम त्यांचं. मी नुसती भांडी धुतली."

"केशवराव, अहो..."

"साहेब, माझ्या पदरात हे घालू नका. मला झेपणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "इसको कहते हैं शागिर्द," निजामुद्दीनसाहेब शेजारच्याला म्हणाले. मुकुंदरावांचे डोळे पुन्हा भरून आले. ते खाली बसले आणि केशवने सालीचा लालसर काढा नरसाळ्यात ओतला.

काढा गाळला गेला, आटला, बशी ओल्या फडक्यावर ठेवून निवली. सगळे मान पुढे काढून पाहत होते. बशीत तपकिरी चिकट पाणी होते आणि त्यात एकही सुई नव्हती. केशवने बशी निजामुद्दीनसाहेबांच्या पुढ्यात नेऊन धरली, जरा जास्तच वेळ धरली.

"इसमें तो कुछ नहीं है."

"नाही, हुजूर. कारण आज कागद दुसरा आहे." यापुढची वाक्ये त्याने घरी, अंघोळ करताना, जेवताना, इतक्यांदा म्हटली होती की ती आपोआप येत गेली. त्याने मुकुंदरावांच्या टेबलावरची भुकटीची कुपी उचलली, लोखंडी पळीत उपडी केली आणि पळी दिव्यावर धरली. "क्विनाइन असतं तर काळं पडलं असतं, धूर निघाला असता. हे बघा. हा चुना आहे, हुजूर. कागजीपुऱ्याच्या कागदातला. प्रोफेसरसाहेबांनी ही भुकटी एकदा जरी जाळून पाहिली असती तरी कळलं असतं."

पळी लाल झाली. तिच्यात भुकटी पांढरीच्या पांढरी राहिली.

केशव वळला. हा चेहरा पाहण्यासाठी त्याने पावसाळा काढला होता, हिवाळा काढला होता. तो उतरलेला पाहायचा, कान लाल झालेले पाहायचे, मान खाली गेलेली पाहायची. पण मुकुंदराव ना साहेबांकडे पाहत होते, ना लोकांकडे. लाज वाटायला त्यांना सवडच नव्हती. ते पळीकडे पाहत होते.

"म्हणजे त्यात काहीच नाही?" त्यांनी हळू विचारले.

"काही नाही."

"तापावर... काहीच नाही?"

केशवने मान हलवली. मुकुंदराव उठले. त्यांच्या धक्क्याने खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही. ते सरळ केशवजवळ आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली दे, केशव. कपाटाची."

त्यांनी आणखी काही विचारले नाही. तुला कधीपासून माहीत होतं, हे तर मुळीच नाही. केशवने सदऱ्यात हात घातला, जानवे वर ओढले आणि गाठ सोडू लागला. गाठ सुटेना. रोज आवळून आवळून तिचा खडा झाला होता. त्याने नखे लावली, दात लावले. मुकुंदराव हात पसरून उभे होते. शेवटी केशवने अख्खे जानवे गळ्यातून काढले आणि किल्लीसकट त्यांच्या हातावर ठेवले. ते घेऊन मुकुंदराव सामानाच्या खोलीकडे धावत गेले.

"बहुत अच्छे," निजामुद्दीनसाहेब म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढले होते. "तुमने सरकार की इज्जत रख ली, मियाँ. अपना पूरा नाम बताओ. रिपोर्ट में लिखूँगा."

केशवला ते ऐकू आले. पण आत कपाटाचे दार करकरले होते, काच काचेवर आपटली होती, आणि घाईत ती बाटली खाली पडते की काय, म्हणून तो तिकडेच कान लावून उभा होता.